वहिनींनी काहीतरी दाबलं असेल

आमच्या घरातला कॉम्प्युटर चालू व्हायला आठ मिनिटं लागायची, आणि त्याला कारण मी, असं घरात ठरून गेलं होतं. कोणी बसून ठरवलं नव्हतं. माझा दीर पहिल्यांदा तसं बोलला, नवऱ्याने ऐकून घेतलं आणि मग ते सगळ्यांचंच झालं.

आम्ही तेव्हा वसईजवळ गोखिवऱ्याला राहायचो. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. माझं माहेर वसईतल्या होळी गावाच्या बाजूचं, वडिलांची केळीची आणि फुलांची वाडी. सासरही वसईतलंच, आमच्यासारखंच ख्रिस्ती. नवरा मुंबईत सरकारी ऑफिसात होता. मी वसईतल्या एका मराठी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवायचे. धाकटा दीर विरारला राहायचा आणि मुंबईच्या एका कंपनीत कॉम्प्युटर विभागात होता. आमचा कॉम्प्युटर त्यानेच सुटे भाग आणून जोडून दिला होता. त्यामुळे तो आमच्या घरात असला तरी त्यावरचा शेवटचा शब्द त्याचा.

पहिलं वर्ष तो बरा चालला. मग थोडा संथ झाला, तेव्हा दिराने एका रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर येऊन त्यात मेमरीची आणखी एक पट्टी बसवली. आता पळेल बघा, म्हणाला. आठवडाभर पळालाही. त्यानंतर मात्र त्याची तब्येत जी बिघडली ती बिघडलीच. चालू केला की निळा पडदा यायचा आणि डिस्क तपासत बसायचा, एक टक्का, दोन टक्के करत. कधी मध्येच बंद पडून आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. कधी सिस्टीमची अमुक फाइल सापडत नाही असं सांगून तिथेच थांबायचा.

मग दीर यायचा, खुर्ची ओढायचा आणि माझ्याकडे न बघता विचारायचा, “वहिनी, तुम्ही काय काय दाबता हो?”

मी सांगायचे. मराठी टायपिंगचं उघडते, टाइप करते, सेव्ह करते, नीट शटडाउन करते. “आणि दुसरं?” तो म्हणायचा. दुसरं काही नाही. “काहीतरी असणारच. उगीच नाही होत.” नवरा पेपर वाचत बसलेला असायचा. एकदा तो पेपराआडूनच म्हणाला, अगं आठव ना जरा, काहीतरी दाबलं असशील. मी वर्गात मुलांना उलटतपासणीसारखे प्रश्न विचारायचे, पण मुलांना निदान उत्तर बरोबर आलं की सुटका असायची. इथे बरोबर उत्तर द्यायची सोयच नव्हती. शेवटी तो फॉरमॅट मारायचा, म्हणजे आमच्या फाइल्स सीडीवर काढून ठेवून डिस्क पुसायचा आणि सगळं नव्याने भरायचा, जेवायचा आणि जायचा. पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा तेच.

मी त्या कॉम्प्युटरवर करत काय होते, ते सांगते. पाठ्यपुस्तकातली उदाहरणं आमच्या मुलांना लांबची वाटायची. म्हणून मी त्यांच्या आजूबाजूची उदाहरणं घेऊन विज्ञानाच्या नोट्स लिहायला घेतल्या होत्या. बाष्पीभवनाला मिठागर. किण्वनाला ताडी, कारण निम्म्या वर्गाने ती फेसाळताना घरी पाहिलेली असायची. केशाकर्षणाला शाईच्या पाण्यात ठेवलेली पांढऱ्या तगरीची फांदी. विहिरीवरच्या रहाटावरून चाक आणि आस. आकृत्या मी स्वतः माउसने काढलेल्या होत्या, आणि माउसने सरळ रहाट काढायला किती वेळ लागतो ते काढणाऱ्यालाच माहीत. दोन वर्षांत शंभराच्या वर पानं झाली होती. पहिली तीन प्रकरणं एका फ्लॉपीवर ठेवली होती. पुढची दुसऱ्या फ्लॉपीवर होती, पण आकृत्या वाढल्यावर त्या फ्लॉपीत मावेनाशा झाल्या.

एका खेपेला मशीन पूर्ण बंद पडलं तेव्हा दीर येण्याआधी मी एका कागदावर लिहून ठेवलं: माझं काम कुठल्या फोल्डरमध्ये आहे, त्यात किती फाइल्स आहेत, प्रत्येकीचं नाव काय. तो आल्यावर कागद हातात दिला. त्याने तो मॉनिटरवर ठेवला. दोन तासांनी मी चहा घेऊन गेले, तेव्हा पडद्यावर फॉरमॅटचा पट्टा अर्ध्याच्या पुढे गेलेला होता.

“माझं फोल्डर घेतलंस ना?”

“सगळं घेतलंय, वहिनी.”

तो गेल्यावर मी शोधलं. माझ्या मुलीचे गेम्स त्याने घेतले होते. नवऱ्याच्या ऑफिसची पत्रं घेतली होती. दिराच्या बाळाच्या बारशाचे फोटो घेतले होते. माझं फोल्डर नव्हतं, आणि ज्या मराठी फाँटमध्ये मी टाइप करायचे तो फाँटही नव्हता. मी विरारला फोन लावला. आधी तो म्हणाला असेल तिथेच, नीट बघा. मग म्हणाला, मला वाटलं शाळेचे पेपर वगैरे असतील, तसले कागद तुमच्याकडे असतातच की. मी त्याला कागदाची आठवण केली. कुठला कागद, असं त्याने विचारलं. कागद अजून मॉनिटरवरच होता.

पहिली फ्लॉपी उघडली. दुसरी उघडली नाही, नुसता किरकिर आवाज करत राहिली.

मी नवऱ्याला सांगितलं. तो वाईट माणूस नाही, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तसं वाटेल. तो म्हणाला, “चिडू नकोस. परत लिहिता येईल ना.” आणि टीव्हीचा आवाज, मी बोलत होते म्हणून कमी केलेला, पुन्हा वाढवला.

मी त्या आठवड्यात शाळेत नीट शिकवलं, घरी नीट स्वयंपाक केला आणि कोणाशीही धड बोलले नाही. चार दिवसांनी मशीन पुन्हा निळ्या पडद्यावर अडकलं. फॉरमॅटला एक आठवडाही झाला नव्हता. मी बटणाकडे हात नेला तर माझी दहा वर्षांची मुलगी मागून म्हणाली, “आई, तू हात नको लावूस. काका येऊ दे.”

तिने ते अगदी सहज म्हटलं. गॅसजवळ जाऊ नकोस म्हणतात, तसं. मला दिराचा आला नव्हता एवढा राग त्या क्षणी आला, आणि तो मुलीवर नव्हता. जी बाई शाळेत साठ मुलांना आम्ल आणि आम्लारी हाताळायला शिकवते, तिने घरातल्या यंत्राला हात लावायचा नाही, हे माझ्या मुलीला कोणी शिकवलं होतं? कोणी शिकवलं नव्हतं. ती फक्त त्या प्रत्येक रविवारी खोलीत होती.

मी मशीन बंद केलं आणि नवऱ्याला सांगितलं की यापुढे त्याच्या भावाला बोलवायचं नाही. मग नीट कोण करणार, असं त्याने विचारलं. मी करणार. तो हसला नाही, पण हसू आवरलेलं मला दिसलं.

वसई स्टेशनजवळ एक सायबर कॅफे होतं. शाळा सुटल्यावर मी तिथे जाऊ लागले. घरच्या पडद्यावरचा संदेश अक्षर न् अक्षर वहीत उतरवून न्यायचा, तो तिथे इंटरनेटवर शोधायचा आणि मिळेल ते पुन्हा वहीत उतरवायचं. सगळं इंग्रजीत, आणि निम्म्या लोकांची उत्तरं फॉरमॅट मारा हीच. जगभर दीरच पसरलेत, असं मला वाटायचं. पण मध्येच एखादा माणूस पायरी पायरीने समजावून सांगायचा. कॅफेचा मालक पहिले दोन दिवस विचारत होता, मॅडम, मेल बघायचाय का, मी उघडून देऊ का. तिसऱ्या दिवसापासून त्याने विचारणं सोडलं.

वहीत मी नियम लिहिला होता, वर्गात प्रयोगाला सांगते तोच: एका वेळी एकच बदल, आणि बदलाआधी व नंतर काय झालं ते लिहायचं. पहिल्यांदा मशीन चालू होताना काय काय आपोआप सुरू होतं त्याची यादी काढली. सोळा गोष्टी निघाल्या. दिराने दोन वेगवेगळे अँटिव्हायरस भरून ठेवले होते आणि दोन्ही एकमेकांवर नजर ठेवून बसले होते. एक काढला. गाण्यांचं, चॅटिंगचं, कोणत्याशा टूलबारचं असं एकेक बंद केलं. आठ मिनिटांची पाच झाली. उरलेला वेळ खात होती ती निळ्या पडद्यावरची डिस्कची तपासणी, आणि ती होत होती कारण सिस्टीमच्या फाइल्स पुन्हा पुन्हा खराब होत होत्या.

पंधरा दिवसांनी तो काळ्या पडद्यावरचा संदेश आला: सिस्टीमची एक मुख्य फाइल हरवली आहे किंवा खराब झाली आहे. यावर उपाय मला कॅफेत एका पानावर मिळाला. मूळ सीडी घालून मशीन सुरू करायचं, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचे आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवलेली प्रत खराब फाइलच्या जागी आणायची. काहीही पुसावं लागत नाही. इतक्या वेळा सगळं पुसायची गरज नव्हती, हे मला त्या पानावर कळलं. माझ्या नोट्स पुसायची गरज नव्हती. मी ती ओळ दोनदा वाचली आणि कॅफेतून उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

सीडी दिराकडे होती. मी शनिवारी विरारला गेले. मला एकटीला दारात बघून तो चपापला. सीडी कशाला हवी, असं त्याने विचारलं. मी काय करणार ते सांगितलं. तो म्हणाला, “वहिनी, राग मानू नका, पण हे तुमच्या आवाक्यातलं नाही. मी रविवारी येतो.” तो मला नेहमी तुम्ही म्हणायचा, दारातून जाताना मागे सरून मला वाट द्यायचा, आणि हे असं बोलायचा. मी म्हटलं, तुझ्याकडून मला फक्त सीडी हवी आहे. त्याने ती कपाटातून काढून दिली.

रविवारी दुपारी मी काम केलं. हुकूम टाइप करताना एक अक्षर चुकलं, पण मशीनने नुसतं कळलं नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा बरोबर टाइप केलं. प्रत जागेवर गेली, सीडी काढली, मशीन सुरू केलं आणि ते सुरू झालं. प्रिंटर पुन्हा बसवावा लागला, बाकी सगळं जिथल्या तिथे. नवरा मागे येऊन उभा राहिला आणि झालं का, म्हणाला. झालं, मी म्हटलं.

आणि बारा दिवसांनी तोच संदेश पुन्हा आला.

त्या संध्याकाळी मी स्वतःवर संशय घेतला. खरोखरच मीच काही करत असेन तर? दोन वर्षं एखादी गोष्ट कानावर पडत राहिली की ती आतून आल्यासारखी वाटू लागते. मी वही काढली आणि बाराही दिवसांच्या नोंदी वाचल्या. मी टाइप केलं होतं, सेव्ह केलं होतं, शटडाउन केलं होतं. वही नसती तर मी हार मानली असती.

कॅफेत वाचताना एक नवीन धागा मिळाला. फाइल्स सारख्या खराब होत असतील तर दोष सिस्टीमचा नसून एखाद्या भागाचा असू शकतो, आणि ते बघायचा सोपा प्रयोग आहे. एक मोठी फाइल घ्यायची, तिच्या प्रती काढायच्या आणि मूळ फाइलशी ताडून बघायच्या. मी बारशाच्या व्हिडिओची फाइल घेतली आणि दहा प्रती काढल्या. दहाही सारख्या असायला हव्यात. त्यातल्या चार मूळ फाइलपेक्षा वेगळ्या निघाल्या, आणि प्रत्येक वेगळ्या जागी. म्हणजे मशीन नुसती नक्कल करतानाही चुकत होतं. इथे कोणीही काहीही दाबलेलं नव्हतं.

मी कॅबिनेट उघडलं. वायर काढून, वहीत आकृती काढून, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून हात आधी लोखंडी सांगाड्याला लावून, सगळं लिहिल्याप्रमाणे. आत दोन पट्ट्या होत्या, मूळची आणि नंतर दिराने बसवलेली. नंतरची काढली आणि प्रयोग पुन्हा केला. दहाच्या दहा प्रती सारख्या. मूळची काढून नंतरची एकटी लावली, तर मशीन सुरूच होईना. पुन्हा मूळची लावली, आणखी दहा प्रती काढल्या. दहाही सारख्या.

काढलेली पट्टी मी खिडकीशी नेऊन बघितली. तिच्या एका बाजूला छोटं कागदी लेबल होतं. त्यावर दिराच्या कंपनीच्या स्टोअरचा नंबर होता आणि लाल पेनाने एक फुली.

पुढच्या रविवारी मी स्वतः फोन करून दिराला जेवायला बोलावलं. जेवण होईपर्यंत काही बोलले नाही. मग वही उघडून त्याच्यासमोर ठेवली आणि वहीवर पट्टी. त्याला सगळं क्रमाने सांगितलं. तो मध्ये दोनदा बोलायला गेला, पण मी थांबले नाही. शेवटी फुली दाखवून ती कशाची, असं विचारलं.

तो म्हणाला की ऑफिसात स्क्रॅपला काढलेल्या होत्या, त्यातली एक. घरच्या मशीनला चालून जाईल असं वाटलं. लावल्यावर चालली होती की. “असं होतं कधीकधी, वहिनी,” तो म्हणाला.

“दोन वर्षं तू मला विचारत होतास, मी काय दाबलं. तू काय बसवलंस ते तू स्वतःला एकदाही विचारलं नाहीस.”

त्याने हसून भावाकडे बघितलं, जणू दोघांनी मिळून सोसायची ही एक गंमत आहे. आणि नवराही हसला. थोडंसंच. वातावरण हलकं करायला हसतात तसं.

दीर गेल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, त्याच्यापेक्षा मला तुझा राग जास्त आलाय. तो मूर्ख असेल, पण तू प्रत्येक वेळी तिथे बसलेला होतास. तू मला रोज बघत होतास. मी कागद लिहिताना तू पाहिलं होतंस. एकदा जरी म्हणाला असतास की ती म्हणते आहे तर नसेल तिने काही केलं, तर मी बाकी सगळं सोडून दिलं असतं. तो म्हणाला, घरात भांडण नको म्हणून मी गप्प बसायचो. मी म्हटलं, भांडण झालंच नाही कारण मी एकटीच हरत होते. मुलगी आतल्या खोलीत होती आणि तिला ऐकू जात होतं. मी आवाज कमी केला नाही.

त्यानंतर नोट्स. फाइल परत मिळणार नव्हती, पण त्या मी दोन वर्षं वर्गात लिहून दिल्या होत्या. मी वर्गात विचारलं, मागच्या वर्षीची वही कोणी ठेवली आहे का. एका मुलीने तिच्या थोरल्या बहिणीची आणली, कव्हर घातलेली, आकृत्यासुद्धा रंगवलेल्या. त्यावरून मी पुन्हा टाइप करायला बसले.

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाल्यावर नवरा खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसला. मी वाचून दाखवतो, तू टाइप कर, लवकर होईल, म्हणाला. मी नको म्हणाले नाही. तो महिनाभर रोज बसला. केशाकर्षण हा शब्द त्याला शेवटपर्यंत एका दमात वाचता आला नाही. ताडीच्या पानावर तो थांबला आणि त्याने विचारलं, फेस म्हणजे खरंच वायू असतो का. मी समजावून सांगितलं. मग तो म्हणाला, हे सगळं तू लिहिलं होतंस? मी म्हटलं, हो. या फाइलमध्ये काय आहे ते त्याने कधी विचारलंच नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं, आणि शांत झालेला राग पुन्हा वर आला. मी पुढचं वाच म्हणाले.

चुकलं, असं तो म्हणेल म्हणून मी त्या महिनाभर वाट पाहिली. तो रोज येऊन बसायचा, हेच त्याचं म्हणणं असेल, असं माझी आई म्हणाली. असेल. मला शब्द हवा होता.

पावसाआधी नोट्स पूर्ण झाल्या. आकृत्या मी सगळ्या नव्याने काढल्या. शाळेने त्यांच्या झेरॉक्स काढून बांधून घ्यायचं ठरवलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी सुचवलं की सुरुवातीला चार ओळी आभाराच्या टाका. मी वाडीसाठी वडिलांचे आभार मानले, आणि वही देणाऱ्या मुलीचे. नवऱ्याने ते पान वाचलं. जरा घुटमळून म्हणाला, कॉम्प्युटर माझ्या भावाने जोडून दिला होता, त्याचाही उल्लेख करायचा का.

मी नाही म्हटलं. त्याने मान हलवली आणि पान प्रिंटरला लावलं.